इथे काहीच नव्हतं म्हणे

मस्कतच्या विमानतळावर माझ्या लोणच्याच्या बरणीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अडला तो नकाशा. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा, कापडावर चिकटवलेला जुना नकाशा मी आमच्या कॉलेजच्या अडगळीतून मुद्दाम मागून आणला होता. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने तो टेबलावर उलगडला, कोपरे हाताने दाबून सरळ केले आणि इंग्रजीत विचारलं, ही जमीन कोणाची? तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला असा प्रश्न विचारायचा नसतो. आधी कोणाची होती, मग कोण उतरलं, कोणी कोणाला विकली, अशी मी सुरूच झाले. मागची रांग चुळबुळायला लागली. त्याने नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला, ओमानमध्ये स्वागत आहे म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

बाहेर माझा धाकटा भाऊ मिलिंद उभा होता. नऊ वर्षांपूर्वी अकोल्याहून निघाला तेव्हा डोक्यावर दाट केस होते, आता कपाळ मागे सरकलं आहे. तो दुक्मला एका ठेकेदार कंपनीत पंपांचं काम बघतो. बायको शीतल आणि मुलगी आर्या मस्कतमध्ये कुरुमला राहतात. तो दर पंधरा दिवसांनी साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवत येतो आणि दोन दिवसांनी तितकंच अंतर तोडत परत जातो. याला ते लोक संसार म्हणतात, आणि तो नेटाने करतातही.

घर नीटनेटकं होतं. दिवाणखान्यात छोटी बुद्धमूर्ती, तिच्याशेजारी आर्याचे बॅडमिंटनचे कप, खिडकीबाहेर एकाच रंगाच्या पांढऱ्या इमारती आणि त्यांच्यामागे एक हिरवं पान नसलेले डोंगर. आर्या नववीत होती. मैत्रिणींशी फोनवर इंग्रजीत धबधब्यासारखी बोलायची आणि माझ्याशी मराठी बोलताना प्रत्येक शब्द तपासून ठेवायची. तिची दहावी इथेच व्हावी, एवढी एकच इच्छा त्या घरात सगळ्यांची होती. त्यासाठी मिलिंदचा करार आणखी दोन वर्षं वाढायला हवा होता. तो महिन्याअखेरीस संपत होता आणि नूतनीकरणाचा कागद दातारसाहेबांच्या टेबलावर होता.

दातारसाहेब म्हणजे मिलिंदच्या विभागाचे प्रमुख. ते इथल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्षही होते. नकाशा त्यांच्याचसाठी आणला होता. मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांना एक भव्य नाटक करायचं होतं. विषय अमेरिका. ओसाड किनाऱ्यावर जहाजातून उतरलेले धाडसी लोक, मग स्वातंत्र्य, मग बैलगाड्यांचे तांडे घेऊन पश्चिमेकडे कूच, आणि शेवटी सगळ्या पात्रांनी कपडे बदलून मस्कतमधल्या मराठी माणसांच्या रूपात पुन्हा रंगमंचावर यायचं. तेही उतरले, आम्हीही उतरलो, असा त्याचा मथितार्थ. संहिता तयार होती, फक्त 'इतिहासाच्या दृष्टीने एकदा नजर फिरवायला' त्यांना माझ्यासारखं कुणीतरी फुकटात हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिथे मला मंडळाची पहिली रीत कळली. आपल्याकडे नवा माणूस भेटला की गाव विचारतात, इथे विचारतात, तुम्ही कधीचे? मग समोरचा साल सांगतो आणि त्या सालानुसार कोणी किती मागे टेकून बसायचं ते ठरतं. तीस वर्षंवाले सोफ्यावर, पंधरा वर्षंवाले खुर्चीवर, आणि मिलिंदसारखे नऊ वर्षंवाले चहाचे कप आत नेऊन ठेवतात. मी दोन दिवसांची होते, तरी पाहुणी म्हणून मला सोफा मिळाला. साबुदाणावडे आले, त्यांच्यामागून ओमानी हलवा आला (केशर आणि गुलाबपाण्याचा, तुपाने माखलेला, चिकट, आणि अत्यंत चविष्ट).

नाटकातल्या भूमिकाही सालावरूनच वाटल्या होत्या. सर्वांत आधी आलेले म्हणून दातारसाहेब जहाजाचे कप्तान. त्यानंतरचे वसाहतीचे कारभारी, त्यानंतरचे शेतकरी. मिलिंदच्या वाट्याला पश्चिमेकडे जाणारा गाडीवान आला होता, कारण दुक्म म्हणजे मंडळाच्या दृष्टीने पश्चिमच. मी विचारलं, आणि तिथे आधीपासून राहणारे लोक? एका प्रवेशात ते मक्याची कणसं घेऊन येत होते आणि ती देऊन निघून जात होते. पुन्हा कुठेच दिसत नव्हते. त्या भूमिका कोणी मागितल्या नव्हत्या. दातारसाहेब म्हणाले की ती दोन मिनिटंही वाचवता आली तर बरं, कारण पुढे सत्कार आहेत.

मी त्यांना काही गोष्टी सांगितल्या. जेम्सटाउन या पहिल्या टिकलेल्या इंग्रज वसाहतीत उतरलेल्यांतले बरेचसे कुलीन गृहस्थ होते, ते सोनं शोधायला आले होते आणि कुदळ हातात धरणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. उपासमारीत त्यांचे पटापट बळी गेले आणि जे वाचले ते स्थानिकांच्या मक्यावर वाचले. पुष्कळ लोक तर जहाजभाड्याच्या बदल्यात काही वर्षं राबायचा करार करून आले होते, मुदत संपेपर्यंत मालकाला सोडून जायची त्यांना मुभा नव्हती. हे ऐकून खुर्चीवरचे दोघे-तिघे एकदम वडे बघायला लागले. दातारसाहेब मात्र मनमोकळे हसले. "मॅडम, हे सगळं खरं असेल हो. पण आपल्याला इन्स्पिरेशन द्यायचंय. सुरुवात अशी हवी, इथे काहीच नव्हतं. फक्त वाळू. मग आम्ही आलो. लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे."

निघताना त्यांनी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, आठवड्यात मार्गी लावू, इन्शाल्ला. संहिताही आठवड्यातच हवी होती. एवढंच म्हणाले. धमकी म्हणावी असं त्यात काहीही नव्हतं.

खाली इमारतीच्या वाहनतळात कुडाळचे सुर्वे प्लायवूडचं जहाज ठोकत होते. सुतारकाम करणारा साठीकडे झुकलेला माणूस, कानावर पेन्सिल. मी सवयीने मंडळाचाच प्रश्न विचारला, तुम्ही कधीचे? सुर्वे खिळा तोंडातून काढून म्हणाले, "बाई, मी हंय इलंय तेवा ह्यो सायब शाळेत आसतलो." म्हणजे सालाच्या हिशेबाने कप्तान हेच. पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव 'तांत्रिक साहाय्य' या मथळ्याखाली होतं. सुर्व्यांना त्याचं फारसं वाटत नव्हतं. जहाजाची चाकं जड आहेत आणि ती कोणी तपासत नाही, याची त्यांना जास्त काळजी होती.

त्या आठवड्यात मी मिलिंदबरोबर दुक्मला गेले. मस्कत मागे पडलं की डोंगर संपतात आणि मग सपाट, पिवळट, दगडाळ जमीन सुरू होते, ती संपतच नाही. रस्ता सरळ. मध्येच उंटांची एक रांग सावकाश रस्ता ओलांडते आणि ताशी एकशे वीसने जाणारे सगळे गुपचूप थांबतात. एका पेट्रोल पंपावर मल्याळी माणसाच्या टपरीत आम्ही कडक (दाट, वेलची घातलेला दुधाचा चहा) आणि पराठा घेतला. तिथे माझा चष्मा राहिला. चाळीस किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं, परत फिरलो, तर टपरीवाल्याने तो स्वच्छ पुसून गल्ल्याशेजारी ठेवला होता. मिलिंद चिडला नाही. इतक्या रस्त्याची सवय झाली की ऐंशी किलोमीटर जादा म्हणजे फेरी मारून आल्यासारखं, असं तो म्हणाला.

खिडकीतून मलाही हेच वाटत होतं, इथे काहीच नाही. कबूल करते. पश्चिमेकडे निघालेल्या त्या गाड्यांतल्या लोकांनाही असंच वाटलं असणार. रिकामं दिसतं, कारण आपल्याला ओळखू येईल असं त्यात काही नसतं.

दुक्म म्हणजे क्रेन, टाक्या, रुंद रिकामे रस्ते आणि पुरुष. दुकानात पुरुष, बागेत पुरुष, हॉटेलात चार टेबलांवर चार पुरुष प्रत्येकी एकटे जेवत असलेले. मिलिंदच्या हाताखाली सलीम नावाचा तिथलाच तरुण दोन वर्षांपासून काम शिकत होता. पांढरा दिश्दाशा (पायघोळ झगा), डोक्यावर भरतकामाची टोपी, आणि हिंदी आपल्या रेडिओवरच्या निवेदकाइतकी साफ. परदेशी माणसाच्या जागी तयार ओमानी माणूस आणायचा, हे तिथलं धोरण आहे आणि ते योग्यच आहे. शिकवणाऱ्याने दरवर्षी अहवाल द्यायचा असतो, हा तयार झाला का? मिलिंद हसत सांगत होता की बहुतेक जण लिहितात, 'प्रगती चांगली आहे, अजून एक वर्ष लागेल'. एकेका पोराची प्रगती सात-सात वर्षं चांगली चालू आहे. तू काय लिहिलंस, असं मी विचारलं, तेव्हा त्याने समोरच्या उंटाकडे बोट दाखवून विषय बदलला.

सलीमने आम्हाला घरी नेलं. त्याचे आजोबा जुने मच्छीमार. पूर्वी त्यांची वस्ती किनाऱ्यालगत होती, झावळ्यांच्या झोपड्या, गोड्या पाण्याच्या दोन विहिरी, मासे वाळवायची जागा. आता थोडं आत नवी पक्की घरं मिळाली आहेत. आजोबांनी स्वतःच्या हाताने छोट्या कपात कहवा (वेलचीची बिनदुधाची कॉफी) ओतून दिला आणि खजुराचं ताट पुढे सरकवलं. मी काय शिकवते, हे त्यांनी सलीमकरवी विचारलं. अमेरिकेचा इतिहास म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. तिथे आधी राहत होते ते लोक आता कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडे उरलेत, नेमून दिलेल्या जागांवर. घरं मिळाली का त्यांना? मी सांगितलं, मिळाली ती फार दूर. सैनिकांच्या पहाऱ्यात पायी चालत जावं लागलं, वाटेत हजारो मेले. करार झाले होते, पण जमीन हवीशी झाली की करार मोडायचे. फ्रान्सच्या राज्यकर्त्याने तर खंडाचा मोठा तुकडा विकून टाकला, आणि विकताना तिथे राहणाऱ्या कोणाला विचारलं नाही.

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला की आमची घरं चांगली आहेत, गार हवा आहे, पाणी आहे. फक्त खिडकीतून समुद्र दिसत नाही. आणि माझा कप पुन्हा भरला.

परत आल्यावर मी संहिता लिहून काढली. सुरुवातच बदलली. पडदा उघडतो, किनाऱ्यावर लोक आहेत, जाळी विणताहेत, मका सोलताहेत, आणि निवेदक म्हणतो, 'इथे माणसं होती.' शेवटच्या प्रवेशात ओमानी मच्छीमारही आणले. मला वाचून बरं वाटलं. आमच्या गावाच्या शतकोत्सवाची एक पुस्तिका निघाली होती, तिच्यात देऊळ होतं, पाटलांचा वाडा होता, बाजार होता, आणि आमची वस्ती नव्हती. ओढ्यापलीकडे मोकळं रान दाखवलं होतं. त्या मोकळ्या रानात माझा जन्म झाला. नकाशातून माणसं कशी पुसतात हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

दातारसाहेबांचा फोन शीतलच्या मोबाइलवर आला. संहिता वाचली, अभ्यास दिसतो, पण हे फार निगेटिव्ह होतंय. मूळ सुरुवात ठेवावी. आणि हो, मिलिंदची फाइल परवा बघतोय. शीतलने फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. खूप वेळ मळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण आर्याला आता मध्येच तिकडे नेलं तर ती पेपर कुठल्या भाषेत लिहील?"

मिलिंद दुक्मला होता. त्याला फोन करायला हवा होता, केला नाही. मी टेबलाशी बसले, माझं पहिलं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'इथे काहीच नव्हतं.' कणसांचा प्रवेश काढला, मच्छीमार काढले. दोन मिनिटं वाचली.

ते वाक्य म्हणायला आर्याला निवडलं होतं. पहिली वसाहतकरी मुलगी, पांढरी टोपी, हातात कंदील. तिला मराठीत रंगमंचावर बोलायची भीती वाटत होती, म्हणून आम्ही रोज संध्याकाळी सराव केला. 'काहीच' मधला च तिला जमेना. मी शिक्षिका आहे, जमेपर्यंत सोडत नाही. तीन दिवस मी माझ्या भाचीकडून ते वाक्य घोटून घेतलं.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी झाला. दातारसाहेब काळ्या कागदाच्या उंच टोपीत जहाजावर उभे राहिले आणि सुर्व्यांची भीती खरी ठरली, एक चाक निखळलं. जहाज तिरकं होऊन वर्धापनदिनाच्या फलकाला जाऊन भिडलं. कप्तानांनी प्रसंगावधान राखून वादळाचा अभिनय केला, त्याला टाळ्या मिळाल्या. स्वातंत्र्याच्या प्रवेशात चहाची खोकी समुद्रात फेकताना एक खोकं पहिल्या रांगेत पडलं. ते रिकामं होतं, नशीब. मग बैलगाड्या आल्या, मिलिंदने पुठ्ठ्याचा बैल हाकला. आणि या सगळ्याच्या आधी, पडदा उघडताच आर्या पुढे आली, कंदील उचलला आणि स्वच्छ, ठाशीव आवाजात म्हणाली, "इथे काहीच नव्हतं." च अगदी सुरेख आला. शीतलच्या डोळ्यांत पाणी होतं. पाहुण्यांसाठी दातारसाहेबांनी तेच वाक्य हिंदीत पुन्हा म्हटलं, यहाँ कुछ भी नहीं था।

तिसऱ्या रांगेत सलीम बसला होता. मिलिंदने त्याला बोलावलं होतं, तो इतक्या लांबून आला होता. नंतर जेवणाच्या रांगेत तो माझ्याशेजारी आला. आधी म्हणाला, आर्या बहुत अच्छा बोली. पुरीभाजीचं ताट हातात घेतलं.

"लेकिन मॅडम, मेरा दादा था उधर. आपने उसका कहवा पिया."

आवाजात राग नव्हता. चूक दाखवून देताना मी वर्गात जसं बोलायचे, तसं तो बोलला. मी त्याला श्रीखंड वाढायला गेले, तर त्याच्या ताटात ते आधीच होतं.

चार दिवसांनी पत्र आलं. मिलिंदचा करार वाढवला नव्हता. जागा सलीमला दिली होती. दातारसाहेबांनी फोनवर हात वर केले, निर्णय वरचा, सही नुसती पोचपावतीची असते, मलाच पुढच्या वर्षीची खात्री नाही हो, असं म्हणाले. ते पहिल्यांदाच खरं बोलत असावेत. अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांना जे जमलं ते आमच्या कप्तानांना जमणार नव्हतं, कारण इथल्या लोकांनी करार स्वतः लिहिले आहेत आणि त्यावर मुदत घातली आहे.

शीतल रडली. मिलिंद शांत होता, जरा जास्तच. मी त्याला गच्चीत गाठलं. तेव्हा त्याने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी अहवालात त्याने लिहिलं होतं, सलीम तयार आहे. बाकी सगळे लिहितात तसं 'अजून एक वर्ष' लिहायला बसला होता, पण पोरगा खरोखरच तयार होता. शीतलला सांगायचं धाडस झालं नाही, एवढंच.

मी त्याला माझं सांगितलं. मी आधी काय लिहिलं होतं आणि ते कोणासाठी बदललं.

"ताई, मला एकदा विचारायचं होतंस."

मी निघाले त्या दिवशी मला विमानतळावर सोडायला मिलिंदबरोबर सलीमही आला होता. वाटभर तो मिलिंदला कुठल्याशा पंपाबद्दल विचारत होता आणि मिलिंद हातवारे करून समजावत होता. मला उतरवल्यावरही दोघं वाहनतळात बॉनेटवर कागद ठेवून त्यावर आकृत्या काढत उभे होते. शाळेचं सत्र संपलं की मिलिंद, शीतल आणि आर्या अकोल्याला येतील. आर्यासाठी मी शाळा बघून ठेवली आहे. भाषेचं कसं होईल, ते मला माहीत नाही.

परवा आमच्या वाचनालयात माझे ओमानचे अनुभव ऐकायला बरीच मंडळी जमली होती. मी उंट सांगितले, हलवा सांगितला, चष्म्याची गोष्ट सांगितली, जहाज फलकाला भिडलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. शेवटी पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, तेल सापडायच्या आधी तिथे काय होतं हो? काहीच नसेल ना?

माणसं होती, मी म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी ते वहीत लिहूनही घेतलं. मला त्यांना सांगता आलं नाही की हे वाक्य मी तिथेही लिहिलं होतं आणि ते माझ्याच हाताने खोडलं.